घोडीला चारलेला गूळ

लातुरात राघवेंद्र सरांच्या फिजिक्सच्या क्लासचं मोठं प्रस्थ. एका बॅचला तीनशे पोरं, सरांच्या हातात माइक, आणि "समजलं नाही तर विचारायला लाजू नका" हे वाक्य रोजच्या रोज. स्वतः सर मात्र आयर्लंडमध्ये पहिल्याच सकाळी नेमके तिथंच लाजले.

इरा, त्यांची मुलगी, दहावीला शाळेत पहिली आली म्हणून ही सहल ठरली होती. दहा दिवस एका खेड्यातल्या तबेल्यावर मुक्काम, सकाळी घोडेस्वारीचे धडे, दुपारी किल्ले, जुनी चर्च आणि समुद्राचे उंच कडे बघायचे. सरांची बायको मनस्विनी तर महिनाभर आधीपासून बॅगा भरत होती. सरांच्या आईला, नागम्माला, मागं एकटं कसं ठेवायचं म्हणून तिलाही विमानात बसवलं. तिनं सोबत धपाट्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे आणि चहासाठी गुळाची छोटी ढेप घेतली. परदेशात चहा मिळतो यावर तिचा विश्वास नव्हता.

तबेल्याची मालकीण मॉरीन साठीची, गमबूट घालून दिवसभर चिखलात फिरणारी बाई. तिनं पहिल्या सकाळी नियम सांगायला घेतले तेव्हा मनस्विनी आणि इरा आत हेल्मेटं डोक्यावर घालून बघत होत्या. समोर एकटे सर. मॉरीन बोलायला लागली आणि सरांची पाचावर धारण बसली. तिचं ते भरभर इंग्रजी, एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो काही कळेना. एका घोडीकडं बोट करून ती बराच वेळ काहीतरी बजावत राहिली. शेवटी तिनं विचारलं, समजलं ना? सरांनी मान डोलावली आणि वर "येस येस, नो प्रॉब्लेम" असंही म्हणून टाकलं. तीनशे पोरांच्या मास्तरानं "पुन्हा सांगा" म्हणायचं तरी कसं? दोघी बाहेर आल्यावर सरांनी नियम आपल्याच मनानं सांगितले. घोड्याच्या मागं उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही. तेही काही चूक नव्हते म्हणा.

नागम्मानं तोवर वेगळीच अडचण उभी केली. राहायचं घर दोनशे वर्षांपूर्वीचं, जाड दगडी भिंतींचं. ती उंबऱ्यातूनच मागं फिरली.

"राघू, म्या हितं झोपत न्हाई. दगडाचं हाय."

त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात दगडमातीची भिंत पडून सरांचे वडील गेले होते. बारा वर्षांच्या राघूला नागम्मानं हातानं दगड उपसून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये झोपली, सिमेंटच्या स्लॅबखाली झोपली, पण दगडाच्या भिंतीला पाठ लावून कधी झोपली नाही. हे सगळं मॉरीनला सांगायची सरांना लाज वाटली. आईला मोकळी हवा लागते, एवढंच त्यांनी सांगितलं. मॉरीननं तबेल्याला लागून असलेली लाकडी खोली उघडून दिली. नागम्मा तिथं खुशीत राहिली, दिवसातून दोनदा चहा करायला लागली आणि एक कप मॉरीनलाही देऊ लागली. गुळाचा चहा मॉरीनला फार आवडला.

धडे सुरू झाले. इरा दुसऱ्याच दिवशी घोडा दुडक्या चालीनं पळवायला लागली, मनस्विनीलाही बऱ्यापैकी जमलं. सर मात्र खोगिरावर पोत्यासारखे बसत. त्यांचा घोडा त्यांनी डावीकडं ओढला की उजवीकडं जाई आणि मध्येच थांबून गवत खाई. विमानात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, घोडा आपल्या रक्तात आहे, लहानपणी माळेगावच्या यात्रेत घोड्यांतच वाढलो. खरं तर दोन वर्षं वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तिथला घोडेबाजार लांबून बघितला होता. इरा हसली की ते आतून करपून जात.

तबेल्याच्या टोकाला डेझी नावाची पांढरी घोडी एकटीच बांधलेली असे. तिच्यापुढं मूठभर वाळलं गवत, आणि मोकळी सोडली तर चरू नये म्हणून तोंडाला जाळीची मुसकी. सरांना वाटलं, बिचारीला उपाशी ठेवलीय. संध्याकाळी बाकीचे जेवणाच्या तयारीत असताना ते तिच्याजवळ गेले. खिशात आईच्या पिशवीतले फुटाणे आणि गुळाचा खडा होता. यात्रेत घोडेवाले हेच चारायचे, हे त्यांना पक्कं आठवत होतं. डेझीनं त्यांचा तळहात चाटूनपुसून घेतला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना बघून खिंकाळली. दिवसभर कुणी त्यांचं ऐकत नव्हतं, ही ऐकत होती. तीन संध्याकाळी मिळून निम्मी ढेप संपली.

चौथ्या सकाळी डेझी उठेना. पुढचे दोन्ही पाय टेकवायला गेली की थरथरायची. डॉक्टर आला, खुरांना हात लावून बघितला, मान हलवली. गव्हाणीच्या कोपऱ्यात मॉरीनला दोन फुटाणे आणि गुळाचा चिकट तुकडा सापडला. तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"बाबा, डेझीला खुरांचा आजार आहे," इरानं सांगितलं. "तिला गोड म्हणजे विष. मॉरीन म्हणते, पहिल्याच दिवशी तुम्हाला हे नीट सांगितलं होतं."

मॉरीननं हातातला गूळ बघितला, मग लाकडी खोली बघितली, मग नागम्माला बघितलं. या वेळी ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. आईला विचारा, तिनं घोडीला हे दिलं का?

सर आईकडं वळले. "आई, घोडीला तू काय चारलंस का?"

"न्हाई बा," नागम्मा म्हणाली. "दुसऱ्याच्या जनावराला इचारल्याबिगर कोण चारतंय? तसलं करू न्हाई."

सर मॉरीनकडं वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "ती माफी मागते. तिला माहीत नव्हतं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इरा शेजारीच उभी आहे. तिला दोन्ही भाषा येत होत्या. ती बापाकडं बघत राहिली. मॉरीनचा राग मात्र उतरला. तिनं नागम्माच्या खांद्यावर हात ठेवला, म्हातारं माणूस आहे, असू दे, म्हणाली, आणि आता तिला तबेल्यात येऊ देऊ नका, एवढं सांगितलं. सरांनी तेही आईला सांगितलं, पण डॉक्टरच्या नावावर. "जनावराला आराम पायजे म्हणून कुणीच जायचं न्हाई."

पुढचे दिवस सरांना फार जड गेले. किल्ला बघितला, चर्च बघितलं, काय बघितलं ते आठवत नव्हतं. नागम्मा खोलीच्या पायरीवर बसून लांबूनच विचारायची, "उठली का रं घोडी?" मॉरीन समोरून जाताना तिच्याकडं बघून समजूतदारपणे हसायची, आणि ते हसू सरांना लागायचं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. उद्या सांगू, घोडी बरी झाली की सांगू, असं करत ते दिवस ढकलत होते.

समुद्राच्या कड्यावर वारा सुटला होता. मनस्विनी फोटो काढत लांब गेली तेव्हा इरा जवळ आली.

"आजीला इंग्रजी येत नाही म्हणूनच ना, बाबा?"

एवढंच विचारून ती आईकडं निघून गेली. तिनं उत्तरासाठी थांबावं असंही सरांना वाटलं नाही.

निघायच्या सकाळी डेझी चार पावलं चालली. मॉरीन खुशीत सांगायला आली. सामान गाडीत चढत होतं. सरांनी तिला थांबवलं आणि त्यांच्याकडं होतं तेवढ्या इंग्रजीत सांगून टाकलं. गूळ मी दिला. आईनं नाही. नियम मला समजले नव्हते, आणि मी खोटं बोललो. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. परक्या भाषेत लाजसुद्धा थोडी परकी वाटते.

मॉरीननं नागम्माकडं बोट केलं. हिला सांगितलंत का?

सर आईसमोर जाऊन उभे राहिले. तिनं पदर डोक्यावरून घेतला होता, हातात तिची पिशवी होती. मराठीत ते वाक्य काही केल्या ओठांवर येईना.

"आई, घोडीला गूळ म्या चारला हुता. ह्यास्नी मात्र तुझं नाव सांगितलं. तू माफी मागायलीस म्हणून सांगितलं."

नागम्मानं मॉरीनकडं बघितलं, नातीकडं बघितलं. इरानं मान खाली घातली.

"तरीच," नागम्मा म्हणाली, "ही बाई माझ्याकडं अशी बघून का हसायली, मला उमजंना."

सर वाट बघत होते. तिनं शिव्या द्याव्यात, चारचौघांत थोबाडीत मारावी, काहीही करावं.

"राघू, आधी मला सांगायचं हुतंस," नागम्मा म्हणाली. "म्याच चारला म्हणून सांगितलं असतं. तुझ्यासाठी एवढं केलं नसतं का? पर इचारायचं तरी हुतंस रं."

मग ती पिशवी घेऊन गाडीकडं चालू लागली. पिशवी जड होती. पुढं होऊन ती तिच्या हातातून घ्यायचं सरांना धाडस झालं नाही.