तासाच्या आत

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला कसलं खूळ लागेल, सांगता येत नाही. मला सायकल डोंगरावर चढवून परत खाली आणण्याचं लागलं. मी दातांची डॉक्टर. दिवसभर फिरत्या स्टुलावर बसून काम, त्यामुळे चढ म्हणजे दवाखान्याचा जिना, तोही एकच मजला. पण गावामागच्या डोंगरावर दरवर्षी हौशी लोकांची सायकल शर्यत होते. पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा मला एक तास चार मिनिटं लागली, पुढच्या वर्षी एक तास दोन. बायकांच्या गटात आम्ही इनमीन पाच जणी आणि त्यात माझा नंबर चौथा, हे मी कुणाला सांगत नसे. मी फक्त वेळ सांगायची आणि पुढे म्हणायची, "आता तासाच्या आत यायचं."

यंदा तयारीला कसर ठेवली नाही. सायकलचं वजन कमी करायचं म्हणून घंटी काढली, स्टँड काढला, मागचा दिवा काढला. नवऱ्याने ते सगळं तळहातावर तोलून पाहिलं.

"हे मिळून एका बिस्किटाच्या पुड्याएवढं भरेल," तो म्हणाला. "पुडा सोडला असतास तर स्क्रूड्रायव्हर शोधावा लागला नसता."

"तुला खेळातलं कळत नाही," मी म्हणाले. तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे वाक्याला हवं तसं वजन आलं नाही.

ही बिस्किटं ज्यांच्याकडून येत, ते बेकरीवाले माझे पेशंट होते आणि प्रतिस्पर्धीही. पन्नाशी उलटलेले, गोल गरगरीत गृहस्थ. चढावर मी त्यांना गाठायची, उतारावर ते वजनाच्या जोरावर माझ्या पुढे निघून जायचे. जाताना मागे न बघता म्हणायचे, "डॉक्टर, या सावकाश." त्यांच्या मनात काही नसायचं, पण मला ते आठवडाभर झोंबायचं.

शर्यतीच्या दिवशी बेकरीवाले सुरुवातीपासूनच पुढे होते. मी माथ्यावर पोचले तेव्हा धाप इतकी लागली होती की आजूबाजूचे काळजीने बघत होते. मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. उतार नेहमीसारखा झाला असता तरी मी तासाच्या आत खाली होते. मी स्वतःशीच हसले, तोंडात एक चिलट गेलं, ते गिळून मी सुटले.

शेवटच्या अवघड वळणापाशी बेकरीवाले वाटेच्या कडेला बसलेले दिसले. सायकल झुडपात, हात तोंडावर.

"काय झालं?" मी वेग कमी न करता विचारलं.

"काही नाही. दात पडला," ते म्हणाले. बोटांमधून रक्त येत होतं.

मी "बरं" म्हणाले आणि पुढे गेले.

दातांची डॉक्टर. वीस वर्षं शाळाशाळांतून मुलांना सांगत आलेय की आपटून पडलेला दात फेकू नका, तासाच्या आत परत बसवला तर वाचू शकतो. दोन झाडं मागे पडेपर्यंत मी हे वाक्य मनातून हुसकावत राहिले. तिसऱ्या झाडापाशी ब्रेक दाबला आणि सायकल ढकलत चढ परत चढले. तोंडाने जे पुटपुटत होते ते मुलांना सांगण्यासारखं नव्हतं.

"डोकं आपटलं का? गरगरतंय? आज वार कोणता?"

"रविवार. दुकानात गर्दी असेल."

डोकं ठिकाणावर होतं. "दात कुठाय?"

"पडला म्हटलं ना."

"अहो, पण कुठे?"

त्यांनी हात फिरवून अख्खा डोंगर दाखवला.

मग आम्ही दोघं रांगत गवत चाळू लागलो. एकेक सायकलवाला बाजूने जात होता. "काही हरवलंय का?" एकाने विचारलं. "दात," मी म्हणाले. तो जोरात पायडल मारत निघून गेला. मला दोनदा दात सापडला आणि दोन्ही वेळा तो खडा निघाला. दुसरा खडा बघून बेकरीवाले म्हणाले, "माझा एवढा पांढरा कधीच नव्हता."

शेवटी एका दगडाच्या कपारीत मिळाला, अख्खा. वजन नको म्हणून मी बाटलीत जेमतेम पाणी घेतलं होतं, ते केव्हाच संपलं होतं. त्यांच्या भरलेल्या बाटलीतून धार धरून दात नुसता विसळला, मुळाला बोट न लावता जागेवर बसवला आणि त्यांच्याच रुमालाची घडी दाताखाली दिली.

"चावून धरा. बोलायचं नाही."

अवघड भाग आम्ही चालत उतरलो. पुढच्या सपाट मैदानात मी त्यांच्या बरोबरीने हळूहळू सायकल चालवत होते, धीर देत होते. शेवटची कमान दिसली मात्र, या माणसाने तोंडात रुमाल तसाच ठेवून पायडलवर जोर दिला आणि सायकलभर अंतराने माझ्या आधी रेषा ओलांडली. मीही जीव खाऊन ओढली होती, हे कबूल करते. माझी आजवरची सगळ्यात वाईट वेळ.

रेषेपाशी थांबलेल्या नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही थेट दवाखान्यात गेलो. मदतनीस बाईंना सुट्टी होती, म्हणून दिवा धरायला नवराच उभा राहिला. हललेला दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. पुढे तो छान धरला. बेकरीवाले खुर्चीत आडवे होते, तोंड उघडं, आणि मी त्यांना सांगत होते की पहिल्या चढावर मी कोणता गिअर टाकला होता, पुलापाशी श्वास कसा होता, माथ्यावर घड्याळात नेमकं काय दिसलं.

"अगं," नवरा म्हणाला, "तार बांधून कधीच झालीय ना?"

"झालीय," मी म्हणाले. "उतार राहिलाय अजून."