नाव ठेवण्याआधी

“आधी उताणा कर, मग नाव घे.”

बाईंचं हे वाक्य जपासारखं माझ्या तोंडात बसलंय. तारामाशाची खरी ओळख पोटाकडून पटते, नुसती पाठ पाहून फसायला होतं. डोळे अधू होऊन बाई घरी बसल्या, तेव्हापासून संग्रहालयाच्या मागच्या खोलीतलं, तारामासे ओळखून त्यांना नावं देण्याचं त्यांचं काम मी बघते.

त्या सकाळी दक्षिणेच्या गोठलेल्या समुद्रातून आलेले बर्फाचे ठोकळे ट्रेमध्ये वितळत होते. सकाळचा जप अर्धाच झाला होता, तरी हात जोडून मी कामाला बसले. बर्फ सुटला तसा एकेक तारा वर आला. नखाएवढा शेंदरी, ताटाएवढा जांभळा. कुणाला पाच हात, कुणाला सूर्यकिरणांसारखे कितीतरी. एक तर बिस्किटासारखा, हात शोधावे लागले. स्पिरिटच्या बरणीत सगळ्यांचाच रंग उडतो, त्यामुळे हे रंग मी कधी पाहिलेच नव्हते. उजेड पोचत नाही तिथे ही आरास मांडली कुणासाठी? उपास होता, पण भूक कुठल्या कुठे गेली.

मग कुबडा वर आला.

कुबडा म्हणजे बाईंचा शोध. पाठीला उंचवटा असलेला तारा त्यांना एकदाच मिळाला होता, स्पिरिटमध्ये कडक झालेला, हात पोटाशी घट्ट मिटलेले. एकुलता एक, मोडेल म्हणून त्यांनी तो उघडला नाही. वेगळी जात म्हणून नाव ठेवलं. त्या नावानेच लोक बाईंना ओळखतात.

आता माझ्यासमोर एकाच ठोकळ्यात सपाट तारे होते, जरा वाकलेले होते आणि कुबडेही. बर्फातले असल्याने हात मऊ होते. एक अलगद उताणा केला. तोंडाभोवती मोहरीएवढी पिल्लं, प्रत्येकाला पाच इवले हात. बाकी सगळं नेहमीच्या सपाट ताऱ्यासारखंच. तीच जात, पिल्लं पोटाशी धरून कमान केलेली आई. तोंडच झाकलेलं, म्हणजे पिल्लं सुटी होईपर्यंत हिला अन्न नाही.

“तुमच्याहून कडक उपास की हो ताई,” बरण्या सांभाळणारे मास्तर खांद्यावरून वाकून म्हणाले. मग त्यांच्याही लक्षात आलं. कुबडा वेगळी जातच नाही, म्हणजे बाईंनी ठेवलेलं नाव पुसलं जाणार. या वयात त्यांना कशाला सांगायचं, सावकाश छापून येईल तेव्हा येईल, तोवर गप्प राहिलात तर पुण्यच लागेल, असं ते बराच वेळ समजावत राहिले.

मलाही ते पटत होतं, खोटं कशाला बोलू. पण निरोपाच्या दिवशी बाईंनी माझा हात धरला होता. “नाव ठेवणारीलाही कधीतरी नावं ठेवली जातात. माझं चुकलेलं सापडलं, तर तू येऊन सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.” मी हो म्हटलं होतं.

“आणि रडल्या तर?” मास्तरांनी विचारलं.

“तर मी जवळ असेन.”

बाईंना आता दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत. ती आई पिल्लांसकट मी थंड पाण्याच्या डबीत ठेवली, भोवती बर्फ भरला. राहिलेला जप वाटेत होईल. डबी दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळणार नाही अशा बेताने मी जिना उतरले.