सहीचा हात

आमच्या घरात बोलणं हातानेच होतं. नवरा आणि दीर, दोघेही लोखंडी दारं बनवणारे, एकाच वर्कशॉपात वाढलेले. तोंड कमी, हातोडी जास्त.

परदेशात माझी लेक घटस्फोटानंतर पोरीला घेऊन भाड्याने राहत होती. मालकाने घर विकायला काढलं, तेव्हा तिने तेच घ्यायचं ठरवून बयाणा भरला. उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत निघाले नाहीत, तर बयाणा बुडणार आणि मायलेकी रस्त्यावर. बँकेचा नियम असा, की एका माणसाला वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे परदेशी पाठवता येत नाहीत. मग आमच्या अतिशहाण्या नवऱ्याने तीन वाटे केले. माझ्या खात्यातून गेले, यांच्या खात्यातून गेले. तिसरा वाटा दिराच्या खात्यात भरला, आणि तो पाठवायला सही त्याचीच, तीही बँकेत समोर उभं राहून.

गुरुवारी वर्कशॉपात दीर म्हणाला, "दादा, आधी या वर्कशॉपाच्या कागदांवर माझंही नाव लावतो म्हण. मग सही."

झालं! यांच्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्याच पैशांवर मलाच अडवतोस, हरामखोरा?" यांनी कॉलर धरून त्याला पत्र्यांच्या थप्पीवर आपटलं. त्याचं कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. यांच्या पोटात गुडघा घातला, गळा आवळला, यांचे डोळे पांढरे झाले. मी मध्ये पडले तर माझ्याच थोबाडीत बसली, कुणाची ते अजून कळलं नाही.

"मरा मेल्यांनो!" मी किंचाळले.

यांनी लाथ घातली तसा दीर कोसळला. उठायला त्याने ऐरणीवर हात टेकला. यांनी हातोडी उचलली आणि त्या हातावर घातली. मग पुन्हा घातली. सुक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज झाला.

"सही करतोस, की दुसराही मोडू?"

दीर ओरडलासुद्धा नाही. बोटांकडे बघत म्हणाला, "दादा, सही मी याच हाताने करतो."

शुक्रवारी दिराच्या हाताला प्लास्टर, तसेच तिघं बँकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी प्लास्टर पाहिलं, माझा सुजलेला गाल पाहिला. "काय झालं हो?"

"दार पडलं," दीर म्हणाला.

डाव्या हाताने त्याने सही केली, पुन्हा केली, घामाघूम होऊन पुन्हा केली. बाईंनी मान हलवली. "जुळत नाही. अंगठा घ्यायचा तर डॉक्टरांचा दाखला, साक्षीदार, वरून मंजुरी. आज काही होणार नाही."

बाकावर बसल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, मी सही करणारच होतो. पोरगी माझ्याच खांद्यावर वाढली ना! दादाने फक्त एकदा हो म्हणायचं होतं."

"मग तसं बोलला का नाहीस?" हे खेकसले.

"बोलू दिलंस?"

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. फोन मी यांच्या हातात कोंबला.

"उचला. आणि आता तोंडाने सांगा."