कपाटातली मशीन

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही एका सरकारी कचेरीतले रोखपाल आहात. समोर जाळीची खिडकी, बाहेर पाणीपट्टी भरणाऱ्यांची रांग. दिवसभर लोकांच्या नोटा घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरायच्या. त्यात एखादी खोटी निघाली, तर बँक ती ठेवून घेते आणि तेवढे पैसे तुम्ही आपल्या खिशातून भरायचे. ती कोणी दिली, हे तुम्हाला आठवत नाही. देणाऱ्याला आठवत असलं, तरी तो सांगायला येत नाही.

चिखलीकडच्या एका गावात भाऊराव असेच रोखपाल होते. पावसाळ्यात त्यांनी दोनदा पाचशे भरले. मुलगी छकुली पाचवीत. तिच्या लोणारच्या सहलीची पाचशेची नोट त्यांनी तिच्याच कंपासपेटीत ठेवायला दिली आणि बजावलं, "आता अजून एक खोटी निघाली, तर हे पण द्या लागन, बेटा."

"नोटा तपासाची मशीन नाही काय, बाबा?"

"आहे ना. कपाटात."

मशीन खरंच होती. भांडार सांभाळणाऱ्या शेषरावांच्या ताब्यात, खोक्यात, खोक्यावर प्लास्टिक. भाऊरावांनी मागितली की शेषराव म्हणत, "बिघडली तर माह्या पगारातून कापतीन ना गड्या."

"अन् नोट खोटी निघाली तर माह्या पगारातून कापतात, त्याचं काय?"

"मंग नियम दोघायले सारखाच आहे की."

साहेब अर्जुनराव न्यायी माणूस. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिडकीवर पाटी लावली : 'कृपया खोट्या नोटा देऊ नयेत.'

खंडेनवमीला कचेरीत अवजारांची पूजा होई. तेवढ्यापुरती मशीन कपाटाबाहेर येई. त्या वर्षीही टेबलावर शिक्के, संगणक आणि मधोमध मशीन मांडली. तिला हळदीकुंकू, झेंडूची माळ. शाळा सुटल्यावर छकुली दप्तर घेऊन पेढ्यासाठी आली.

"शेषरावकाका, हे चालू आहे काय?"

"नवीकोरी आहे पोरी. एकदाही लावली नाही."

"मंग चालते हे कसं समजलं? दुकानातूनच बिघडलेली आली असन, तर कोण भरन?"

शेषरावांचा पेढा तोंडातच राहिला. "गॅरंटी दिवाळीलोकच आहे, मंग संपते," असं पुटपुटत त्यांनी स्वतःच वायर बोर्डात खोचली. हिरवा दिवा लागला.

"आता कोणीतरी एक नोट घाला," साहेब म्हणाले.

शेषराव म्हणाले, "मी तर आता सारं मोबाईलवरच देतो." दोघा-तिघांना प्रसाद वाटायचा राहिल्याचं आठवलं. साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि खिशावरच राहिला.

"सायेब, तुमची घाला ना," भाऊराव म्हणाले.

"माझी खरी आहे."

"मंग काय हरकत आहे?"

"तपासली नाही तोवर खरीच असते, भाऊराव."

छकुलीने दप्तरातून कंपासपेटी काढली. भाऊरावांनी तिचा हात धरला.

"राहू दे, बेटा. खोटी निघाली तर सहल जाईन तुही."

"अन् नाही पाह्यलं तर तुमचा पगार जाईन," छकुली म्हणाली. तिने हात सोडवून घेतला, नोटेची घडी उलगडली, झेंडूची माळ बाजूला केली आणि नोट मशीनमध्ये सरकवली.