दुपटीचा आकडा

अकरा वर्षं मी एकच काम केलं: चिपांसाठी लोकांच्या हातापाया पडणं. आम्ही श्रवणयंत्रं बनवतो आणि त्या इवल्याशा यंत्रात बसणारी चिप एकच जुना कारखाना बनवतो. मागाल तेवढ्या देईल तर शपथ! दहा हजार मागितल्या की पाच पाठवायचा. मग मी वीस मागायला लागले. खरेदीखात्यात हे सगळेच करतात, फक्त कबूल कोणी करत नाही.

आणि आज तोच कारखाना विकायला निघाला होता! सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आपला कारखाना, आपल्या चिपा, कोणाची मिनतवारी नाही. आम्ही घेतला नाही, तर दुसरा एकजण तो पाडून गोदाम बांधणार होता. उत्तर बारापर्यंत द्यायचं होतं.

अकरा वाजता आमच्या मालकीणबाईंनी कागद खाली ठेवला.

"आपली गरज वर्षाला वीस लाखांची आणि कारखाना बनवतो जेमतेम नऊ लाख. एवढं करून बाहेर भीक मागायचीच, तर हे लचांड गळ्यात कशाला? नको."

वीस लाख! त्या आकड्याखाली माझीच सही होती. बोलले तर नोकरी जाणार, गप्प बसले तर कारखाना. पण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"बाई, तो आकडा खोटा आहे. मी दर वर्षी दुप्पट करून लिहिते. खरी गरज दहा लाख."



"अकरा वर्षं?" बाईंनी विचारलं.

"अकरा वर्षं."

"कमाल आहे तुझी. पण दहा म्हटलं, तरी लाखभर कमीच पडतात."

तेवढ्यात आमचा विक्रीप्रमुख खाकरला. फार गोड बोलतो म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. "बाई... हिला दहा लाख मीच सांगतो. जरा... वाढवून."

"जरा म्हणजे?"

"खरे सात."

"अरे मेल्या!" मी ओरडलेच. "तुझ्या थापेची मी दुप्पट करत बसले होते?"

बाई आधी लालबुंद झाल्या, मग खो खो हसत सुटल्या. डोळे पुसत त्यांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "घेतला आम्ही कारखाना." मला तर नाचावंसं वाटत होतं!

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तू उद्यापासून इथे यायचं नाहीस."

मी माझी पिशवी उचलली.

"कारखान्यावर जायचंस. कोणाला किती चिपा द्यायच्या, ते तू ठरवायचंस. थापा ओळखणारं माणूस मला तिथेच हवंय."

दाराशी पोपटाने मला गाठलं. "ताई, अभिनंदन! आमचे तेवढे सात लाख लक्षात ठेवा हं."

मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"साडेसहा," तो म्हणाला.