कोरडा रेनकोट

नवऱ्याचा रेनकोट पुन्हा कोरडा परत आला, तेव्हा रेनकोटवालीच्या मनात पाल चुकचुकली.

धबधबा देशभर नावाजलेला. बाहेरचे पाहुणे आधी समुद्रकिनारे पालथे घालत, मग जुन्या शहरांतल्या दगडी गल्ल्या, मग जंगलातल्या नदीत बोटीची सैर, आणि शेवटी इथं येऊन म्हणत, हेच आधी बघायला हवं होतं. कड्याच्या तोंडापर्यंत एक लांब लोखंडी पूल नेलेला होता. पुलाच्या टोकाला उभं राहिलं की पाणी वरून येतंच, पण खालूनही अंगावर उडतं. तिथून कोरडं परत आलेलं माणूस रेनकोटवालीनं आजवर पाहिलं नव्हतं. पार्कच्या मोठ्या फाटकाशी रेनकोट भाड्यानं द्यायचे, ओले परत आले की धुवायचे, झटकायचे आणि दोरीवर टाकायचे, हे काम ती लग्न झाल्यापासून करत होती. स्वतः मात्र तिनं तो पूल कधी बघितला नव्हता. एवढे रेनकोट टाकून जायचं कुणाच्या भरवशावर?

नवरा गाइड होता. एकदा बोलायला लागला की थांबायचा नाही, म्हणून बाकीचे गाइड त्याला रेडिओ म्हणत.

"आज पाणी कमी होतं का हो?" तिनं विचारलं.

"अं? हो. जरा कमीच."

त्याच्या मागोमाग त्याचेच पाहुणे आले, नखशिखांत निथळत. एका बाईंच्या बुटातून तर पचक पचक आवाज येत होता. तिनं नवऱ्याकडे बघितलं. रेडिओ एकदम बंद.

त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. केस कोरडे, वर नीट विंचरलेले. गच्चीवर कपडे वाळत घालायला हौसेनं जाणारा माणूस आता गुडघा दुखतो म्हणून खालीच बसतो. बल्ब गेला तर स्टुलावर चढायचं नाव नाही. खाट खिडकीपासून लांब ओढली, का तर म्हणे वारं लागतं. तिनं या सगळ्याचा एकच अर्थ लावला, की माणसाचं घरात लक्ष नाही. ते कुठं आहे हेही तिनं ठरवून टाकलं. पुलाच्या तोंडाशी दुसरं फाटक होतं आणि तिथं एक नवीन तिकीटवाली बसायची, तरतरीत, हसतमुख, उठता बसता 'दादा, दादा' करणारी.

"दादा म्हणते म्हणे!" ती सासूबाईंना म्हणाली. "म्हणायला काय जातं?"

"अगं, माझा मुलगा तसला नाही."

"कुठल्याच आईचा मुलगा तसला नसतो, सासूबाई. मग हे उद्योग करतं कोण?"

सासूबाईंनी कूस बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाल्यानं आगीत तेल ओतलं. "वहिनी, रेडिओ हल्ली पुलावर जातच नाही बरं का. फाटकापाशीच बसलेला असतो, तिकीटवालीच्या टपरीमागं."

झालं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला ओला रेनकोट तिनं तसाच टबात टाकला आणि तरातरा मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, त्या तिकीटवालीला दुसरीकडे हलवा."

"का? काय केलं तिनं?"

आता नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय सांगायचं कसं? तिनं घेतलं. म्हणाली, आमचे हे तिच्यापाशी बसून राहतात, रेनकोट कोरडा येतो, तुम्हीच काय ते समजा.

साहेबांनी तिकीटवालीचं काहीच विचारलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पाहुण्यांना तो पुलावर एकटं सोडतो?"

"हो तर!" ती ठसक्यात म्हणाली.

"आज दुपारच्या फेरीला बघतो मी."

ती बाहेर आली तेव्हा तिला बरं वाटत होतं, अगदी हलकं. दुपारी तिकीटवालीचा चेहरा कसा उतरतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून तिनं दुकान शेजारच्या टोपीवालीवर सोपवलं, एक रेनकोट चढवला आणि पाहुणे पुढे गेल्यावर झाडीतल्या वाटेनं निघाली. अर्ध्या वाटेत पाण्याचा आवाज एवढा वाढला की पायाखालची जमीन हादरल्यासारखी वाटायला लागली. तिथं तिला पहिल्यांदा आठवलं, की पाहुण्यांना पुलावर एकटं सोडणाऱ्या गाइडचा बिल्ला काढून घेतात. तिनं मान झटकली. बायकोच्या तक्रारीवरून कुणी बिल्ला काढतं होय!

वळणापलीकडे टपरी दिसली आणि टपरीमागं तिचा नवरा दिसला. तो जमिनीवर बसला होता. धबधब्याकडे पाठ, एका हातानं टपरीचा खांब घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात माइक. पुलाच्या टोकावरच्या कर्ण्यातून त्याचा आवाज घुमत होता, "आता उजवीकडे बघा, ऊन असेल तर इंद्रधनुष्य दिसेल." त्याचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिकीटवाली चार हात लांब, पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती.

"वहिनी! बरं झालं बाई तुम्ही आलात," ती म्हणाली. "मी कधीची सांगतेय दादांना, घरी बोला, डॉक्टरांना दाखवा. ऐकतच नाहीत."

"काय दाखवायचं?"

नवऱ्यानं माइक बंद केला. "खाली बघितलं की सगळं गरगरतं गं. मागं एकदा पुलावर मधेच बसकण मारली मी. एका पाहुण्यानं हात धरून आणलं. पाहुण्यानं, मला!" त्याचा आवाज चिरकला. "साहेबांना कळलं तर संपलंच. मला दुसरं काय येतं?"

गच्ची, स्टूल, खाट, सगळं एकदम समोर उभं राहिलं, आणि आपण किती मूर्ख आहोत तेही. ती तोंड उघडणार तोच तिकीटवाली पुटपुटली, "दादा, साहेब येतायत."

वाटेवर साहेबांची छत्री दिसत होती.

"उठा," ती म्हणाली. "माझा हात धरा. डोळे मिटा हवं तर, पण चला."

तो उठला. पुलावर पाऊल टाकताच त्यानं तिची बोटं अशी आवळली की तिच्या हातातून कळ गेली. जन्मात पहिल्यांदा ती त्या जागी आली होती, पण तिनं धबधबा बघितलाच नाही. ती नवऱ्याचे मिटलेले डोळे बघत होती आणि लोखंडी पट्ट्यांवरून त्याचं एकेक पाऊल नेत होती. टोकाला पोचल्यावर पाहुण्यांच्या मधोमध उभा राहून तो तसाच डोळे मिटून बोलला, खणखणीत, एकही शब्द न चुकता. साहेब फाटकापाशी थोडा वेळ थांबले, छत्री सावरली आणि परत फिरले.

पुलाच्या फाटकाशी परत आल्यावर तो मटकन खाली बसला. दात वाजत होते, पाणी टपटपत होतं.

"साहेब कधी इकडे फिरकत नाहीत," तो म्हणाला. "कुणीतरी चुगली केली."

तिनं रेनकोटवरचं पाणी झटकलं.

"आणि माहीत होतं कुणाला? हिलाच फक्त." त्यानं टपरीकडे मानेनं दाखवलं. "बहिणीसारखी मानली गं मी हिला."

मी केली चुगली, एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले, आणि त्यानं तिचा दुखरा हात हातात घेतला. "तू होतीस म्हणून वाचलो," तो म्हणाला. "आपलं असं एकच माणूस असतं शेवटी."

"जाऊ दे आता," ती म्हणाली.

तिकीटवाली टपरीतून धावत कोरडा टॉवेल घेऊन आली. "दादा, आधी डोकं पुसा." त्यानं तोंड फिरवलं. तिकीटवालीला आधी काही कळेना. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग साहेब गेले त्या रिकाम्या वाटेकडे, मग रेनकोटवालीकडे, आणि तिथंच बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

रेनकोटवालीनं हात पुढे करून तो टॉवेल घेतला, आणि तिच्याकडे न बघता नवऱ्याचं डोकं पुसायला लागली.