सकाळचे ठोके कोणाचे

बंडोपंतांच्या हातात

देवळाच्या पायरीवर बंडोपंतांना चक्कर आली. पुढच्याच आठवड्यात हैदराबादहून श्रेयसने कुरिअरने घड्याळ पाठवलं. काळं, चौकोनी, रबरी पट्ट्याचं. वेळ दाखवणं हे त्याचं सगळ्यात लहान काम. चालणं, झोप, छातीचे ठोके असं सगळं ते बघतं आणि श्रेयसच्या फोनवर कळवतं. मुलाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं बंडोपंतांनी नाव, वय, उंची, वजन भरलं. वजन जरा कमी करून सांगितलं, ते कालिंदीबाईंनी मागून दुरुस्त केलं.

मुलाची अट एकच. बाबा, रोज घालायचं. रोज घातलं तरच उपयोग, नाहीतर नुसती शोभा.

वसमतच्या जुन्या पेठेत महादेवाचं देऊळ आहे, त्याची सेवा बंडोपंतांच्या घराकडे. रोज पहाटे आंघोळ, सोवळं, मग रुद्र म्हणत अभिषेक. सोवळ्यात अंगावर शिवलेलं कापडसुद्धा चालत नाही, तिथे कुठल्या कारखान्यात जुळवलेलं रबरी यंत्र कसं चालणार? म्हणून पहिल्याच सकाळी त्यांनी घड्याळ काढून

कोनाड्यात

ठेवलं.

पूजेहून आले तर श्रेयसचा फोन. बाबा, काढलं होतं का? आलेखात भोक पडलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोक. तिसऱ्या दिवशी सूनबाई अपर्णा फोनवर आली. हे रात्री झोपत नाहीत, म्हणाली, सारखे फोन उघडून बघतात.

बंडोपंतांना भोक म्हणजे काय ते कळलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. दिवसातला तो तर सगळ्यात सुरक्षित वेळ, देवासमोरचा. पण मुलाला हे कसं सांगायचं?

चौथ्या सकाळी सोवळं नेसण्याआधी त्यांनी घड्याळ बायकोपुढे धरलं.

"मी येईपर्यंत तू घाल."

"मी कशाला?"

"भोक पडायला नको. पूजेत तू माझ्या हाताला हात लावतेस, पुण्य दोघांना लागतंच की नाही? तसंच हे."

"आणि ते मोजेल ते?"

"ते माझ्या नावावर. नाव माझं भरलंय."

"गोत्र भरलं का?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"विचारलं नाही त्यानं," बंडोपंत गंभीरपणे म्हणाले. "विचारलं असतं तर भरलं असतं."

कालिंदीबाईंच्या हातात

बांगड्या खाली सरकवून, पट्टा शेवटच्या भोकात घालूनही ते ढिलंच राहायचं. तसंच ते सडा-रांगोळी करायचं, नैवेद्याचा भात लावायचं. नळाचं पाणी खाली येतं आणि टाकी गच्चीवर, म्हणून बादल्या घेऊन जिनाही चढायचं. जिन्याच्या वळणावर मनगटात थरथर व्हायची आणि काचेवर हिरवं चक्र फिरायचं. शाबास, बंडोपंत, अशा अर्थाचं काहीतरी.

पाणी वर नेल्याबद्दल त्या घरात आजवर कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती. कालिंदीबाई जिन्यात एकट्याच हसल्या.

मग त्या ते काढायचं विसरायला लागल्या. बंडोपंत परत मागायचं विसरायला लागले. कधी पूजा आटोपेपर्यंत, कधी दुपारच्या झोपेपर्यंत, कधी संध्याकाळच्या आरतीला निघताना "अगं, माझा हात दे" असं म्हणून ते स्वतःच्या हातात घालून घ्यायचे. कधी ते कोनाड्यात असायचं आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याच्या हातात आहे.

श्रेयसच्या फोनमध्ये

सूचना आली. ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. दोन दिवसांनी दुसरी. मग तिसरी.

सकाळचेच आहेत सगळे, श्रेयस फोनवर म्हणाला. उपाशीपोटी ते गार पाणी, तासभर बसून ते मोठ्यानं म्हणणं, यानंच होतंय. त्याने बापाला सांगण्याआधी विश्वजीतला फोन केला होता. विश्वजीत चुलत घराण्यातला, रुद्र मुखोद्गत, गावातच. शनिवारी नांदेडच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि रविवारपासून पूजा विश्वजीतने करायची, असं ठरलंसुद्धा.

आता इथली गोष्ट अशी की सेवा एकदा दुसऱ्या घराकडे गेली की परत येत नाही. कोणी हिसकावत नाही. लोकांना त्या हाताची सवय होते, एवढंच. हे श्रेयसला माहीत नव्हतं. बंडोपंतांना पक्कं माहीत होतं. तरी ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

कालिंदीबाई म्हणाल्या, "अहो, सकाळी ते माझ्या हातात असतं."

"असू दे की."

"मग ठोके तुमचे कसे?"

"नाव माझं आहे," बंडोपंत म्हणाले. "यजमान कुठं स्वतः अभिषेक करतो? तो दुकानात बसलेला असतो. पाणी मी घालतो, फळ त्याला. संकल्पात ज्याचं नाव, त्याचं ते. आणि चक्कर कोणाला आली? मला. यंत्र बराबर सांगून राहिलंय."

ते चेष्टा करत नव्हते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नावाने पाणी घातलं होतं आणि ते पोचतं यावर त्यांचा विश्वास होता. पोचत नसेल तर मग काय केलं इतकी वर्षं?

नक्की माहीत नाही

फळ ठीक आहे. पण ठोके?

कालिंदीबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून.

सांगितलं, तर ह्यांची पूजा ह्यांच्याकडे राहते. मग दुखणं माझ्याकडे येतं.

नाही सांगितलं, तर दुखणं ह्यांचं. पूजा जाते. पूजा गेलेला हा माणूस सकाळी उठून काय करेल?

किंवा दुखणं कोणाचंच नाही. बांगड्या वाजल्या, घड्याळाला ठोके वाटले.

किंवा दुखणं ह्यांचंच आहे आणि घड्याळाने ते एकदाही पाहिलं नाही, कारण ते तेव्हा माझ्याकडे बघत होतं.

यातलं शेवटचं सगळ्यात वाईट. त्यांनी घड्याळ स्वतःच्या हातावर ठेवलं, मग उचललं, मग घोरणाऱ्या नवऱ्याच्या मनगटावर ठेवलं. दोन्हीकडे हिरवा दिवा तसाच लुकलुकला. आपण कोणाला बघतोय हे त्याला विचारायची सोय नव्हती.

पिशवीत

शनिवारी नांदेडच्या दवाखान्यात घड्याळ कालिंदीबाईंच्या पिशवीत होतं. एका दिवसासाठी हैदराबादहून आलेल्या श्रेयसने डॉक्टरांपुढे फोन धरला. डॉक्टर बाई होत्या, तरुण होत्या. त्यांनी आलेख वरखाली सरकवून पाहिले आणि बंडोपंतांना झोपवून ईसीजीची पट्टी काढली. पट्टी ठीक होती. चक्करेचं म्हणाल, तर बीपीची गोळी जरा जास्त होतेय, कमी करू.

मग हे काय, श्रेयसने फोनकडे बोट दाखवलं.

डॉक्टर म्हणाल्या, पट्टी एका मिनिटाची असते, घड्याळ दिवसभर बघतं. कधी आमच्या नजरेतून सुटलेलं पकडतं, कधी उगाच घाबरवतं. दोन्ही पाहिलंय मी. त्यांनी छातीला वायरी लावून दिवसभर ठेवायचं यंत्र लिहून दिलं. आज एकच शिल्लक आहे, म्हणाल्या. ते काढायचं नाही, भिजवायचं नाही, म्हणजे उद्याचा अभिषेक...

"नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "सकाळचे ठोके माझे आहेत. बहुतेक."

श्रेयसला कळलं नाही. कालिंदीबाईंनी कोनाडा, भोक, बादल्या सगळं सांगितलं. मध्येच बंडोपंतांनी संकल्पाचं समजावायला घेतलं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. श्रेयसने फोन टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण बाबांना काही नाही याचं समाधान आलं आणि लगेच ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं झालं.

"आई, तू मला एकदा सांगायचंस ना."

"तू झोपत नव्हतास म्हणे."

डॉक्टरांनी कालिंदीबाईंना झोपायला सांगितलं. पट्टी काढणाऱ्या सिस्टर बांगड्या काढा म्हणाल्या. नवऱ्यासमोर काचेच्या बांगड्या कशा काढायच्या? त्या कोपरापर्यंत वर चढवल्या. ही पट्टीही जवळजवळ ठीक. एखादा ठोका चुकतोय, डॉक्टर म्हणाल्या, तसा माझाही चुकत असेल.

"धडधड होते का?"

"होते."

"कधी?"

"पाणी वर नेताना."

"कधीपासून?"

"पाणी नेते तेव्हापासून."

"त्याची तकलीफ वाटते?"

कालिंदीबाईंनी खरोखर विचार केला. छतावरच्या पंख्याकडे बघत त्यांनी जिना आठवला, वळण आठवलं, कठड्याला टेकणं आठवलं. तिथे टेकायचंच असतं असं त्यांना वाटत होतं. सगळे टेकतात असं वाटत होतं. श्रेयस कधी टेकल्याचं मात्र आठवेना, आणि बंडोपंत त्या जिन्याने कधी पाणी घेऊन गेल्याचंच आठवेना.

"म्हणजे किती वाटली की तकलीफ म्हणायची?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. यंत्र एकच आहे, त्या म्हणाल्या, कोणाला लावू? श्रेयसने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. घड्याळ रोज घालावं की नाही, हेही त्याने विचारून घेतलं. एकाने घालावं, डॉक्टर म्हणाल्या.

"मला लावा," कालिंदीबाई म्हणाल्या.

गळ्यात

छोटं यंत्र नाडीने गळ्यात अडकवलं आणि वायरी पदराआड गेल्या. रोजची सगळी कामं करा, सिस्टर सांगत होत्या. जिथे धडधड होते ते तर नक्की करा, त्याशिवाय यात सापडणार नाही.

म्हणजे उद्या बादल्या न्यायच्याच.

बाहेर बाकावर बंडोपंतांचा फोन वाजला. विश्वजीत.

"काका, उद्या पहाटेच येऊन राहिलो. किल्ली कुणाकडं?"

"येऊ नको," बंडोपंत म्हणाले. आवाज मोकळा होता. सेवा राहिली होती. मग दारातून कालिंदीबाई आल्या. एक हात पदराखालच्या यंत्रावर, काचेचं भांडं आणावं तसं ते धरून. बंडोपंत त्यांच्याकडे बघत राहिले. पहाटे नळ येतो. पहाटेच अभिषेक. त्या वेळी घरात दुसरं कोणी नसतं, कधीच नसतं.

"काका? हॅलो?"

"ये," बंडोपंत म्हणाले. "तू ये उद्या."

"बरं. तुमचं काय निघालं मग?"

"माझं काही नाही निघालं."

"मग मी काहून येऊ?"

  घराण्याची सेवा एका दिवसासाठी सोडतोय म्हणावं, तर का? बायको पाणी भरणार आहे आणि मला बघत उभं राहायचंय? की बादली मी उचलायची? पण मी उचलली तर यंत्रात सापडणार काय? बंडोपंतांनी फोन कानापासून काढला आणि कालिंदीबाईंपुढे धरला.

"तू सांग त्याला."

"काय सांगू?" कालिंदीबाईंनी विचारलं.